काशीत सावली शोधताना

काशीला निघालो तेव्हा सामानातल्या तीन गोष्टींची मला काळजी होती. सासूबाईंच्या गुडघ्याचे औषध, नऊ वर्षांच्या लेकीचे लोकरी टोपडे आणि तिचे प्रगतिपुस्तक. शेवटची वस्तू खरे तर घरीच ठेवायची. पण नाताळच्या सुट्टीनंतर ते सही करून शाळेत द्यायचे होते आणि माझ्या हातून सही होत नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिले होते, ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. सतत खिडकीबाहेर पाहते.’

खिडकीबाहेर काय पाहतेस, असे मी तिला दोनदा विचारले होते. एकदा समजुतीने, एकदा ओरडून. दोन्ही वेळा उत्तर एकच, “काही नाही.” यजमानांचे म्हणणे, शिकवणी लावू. सासूबाईंचे म्हणणे, नजर लागली असेल, काशीला जातोच आहोत, विश्वनाथाच्या पायावर घालू. मी दोन्हींना होकार देऊन टाकला होता.

डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडे जायचे म्हणजे धुके गृहीत धरायलाच हवे. आमची गाडी सहा तास उशिरा पोचली. गोदौलिया चौकापाशी रिक्षा सोडावी लागली. तिथून दशाश्वमेध घाटापर्यंतचा रस्ता पायीच करायचा असतो. दोन्ही बाजूंना बनारसी साड्या, पितळेची भांडी, मलइयोचे कुल्हड, रुद्राक्षाच्या माळा, आणि अधूनमधून रस्ता अडवून रवंथ करणारा एखादा बैल. थंडीतच मिळणारा तो दुधाचा केशरी फेस, मलइयो, मात्र चुकवू नका. तोंडात घालताच विरघळतो आणि मुले त्यावर निमूट चालतात.

घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहिलो आणि समोर काहीच नव्हते. गंगा नव्हती, पैलतीर नव्हता. पंधरा-वीस पायऱ्या खाली उतरत होत्या आणि मग पांढऱ्या दुलईत नाहीशा होत होत्या. आत कुठेतरी घंटा वाजत होती, नावाडी हाका घालत होते. सासूबाईंनी त्या पांढऱ्या शून्यालाच हात जोडले. लेक म्हणाली, “आई, इथे कुणालाच सावली नाहीये.”

मी म्हटले, “धुकं आहे ना गं. चल, पाय सांभाळ.”

तिच्या बोलण्याकडे माझे लक्ष नव्हते, हे लिहिताना आज थोडे ओशाळायला होते. लक्ष नसते, असा शेरा मलाही शोभला असता.

मराठी माणसाला दशाश्वमेध घाट परका वाटत नाही. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले, अशी कथा आहे. इतिहास मात्र आपल्या घराजवळ येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४८ च्या सुमारास, या घाटाची बांधणी झाली आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याला हात लावला. दक्षिणेला दोन पावलांवर अहिल्याबाईंच्या नावाचाच घाट आहे. आजचे विश्वनाथ मंदिरही त्यांनीच १७८० च्या सुमारास उभारलेले. उत्तरेकडे नावेतून गेलात तर शिंद्यांचा घाट लागतो, नागपूरकर भोसल्यांचा लागतो. आमचा नावाडी मराठी प्रवासी ओळखून ही यादी मोठ्या उत्साहाने म्हणत होता. मणिकर्णिका घाटापाशी आल्यावर लेकीकडे बघून म्हणाला, “बिटिया, झाँसी की रानी का नाम यहीं से पड़ा. तुम भी वैसी बनना.”

लक्ष्मीबाई जन्मल्या काशीतच. मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांची ही मुलगी, नाव मणिकर्णिका, घरातले मनू. जन्मसाल १८२८ की १८३५ यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आई लहानपणीच गेली आणि मोरोपंतांनी तिला बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला, आपल्याजवळ वाढवले. घोडा, तलवार, अक्षरओळख हे सगळे तिने तिथेच उचलले, असे सांगतात. मुलींना आपण सगळेच ‘झाशीची राणी हो’ म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकात मुलीला घोड्यावर बसू देणाऱ्या त्या बापाचे नाव कुणी कुणाला सांगत नाही. मोरोपंत हो, असे मला आजवर कुणी म्हटलेले नाही.

दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. सासूबाईंचे दर्शन झाले. डिसेंबर २०२१ मध्ये खुला झालेल्या विश्वनाथ धामाच्या प्रशस्त वाटेमुळे त्यांच्या गुडघ्यांची चांगली सोय झाली. आता दुपारी काय करायचे? दशाश्वमेधाच्या उत्तरेला अगदी लागूनच मानमंदिर आहे. अंबरच्या राजा मानसिंहाने सुमारे १६०० मध्ये बांधलेला हा वाडा. नदीकडचा त्याचा कोरीव दगडी झरोका नावेतून पाहिला होता. वर गच्चीत कसलीशी यंत्रे आहेत, एवढेच मला ठाऊक होते. वेळ घालवायला म्हणून आम्ही तिकिटे काढून वर गेलो. सासूबाई खालच्या ओट्यावर जपमाळ घेऊन बसल्या.

ही यंत्रे म्हणजे सवाई जयसिंहाची वेधशाळा. जयपूर, दिल्ली, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता उरलेली नाही. काशीची १७३७ च्या सुमाराची मानतात. जयपूरच्या मानाने ती लहानशी आहे. जयसिंहाच्या पदरी असलेले गणिती पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. तिथेही आपला माणूस निघाला म्हणून मला बरे वाटले, आणि ते मी यजमानांना सांगू लागले. लेक मात्र केव्हाच पुढे पळाली होती.

ती एका तिरक्या दगडी भिंतीपुढे उभी होती. जिन्यासारखी वर चढत जाणारी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना पंखासारख्या दोन दगडी कमानी, त्यांवर बारीक रेघा. हे सम्राट यंत्र. लेकीने त्या भिंतीकडे, मग आकाशाकडे, मग पुन्हा कमानीकडे पाहिले आणि विचारले, “आई, हिची सावली इथे पडत असेल ना? मग या रेघा म्हणजे वेळ?”

कुणी तिला सांगितले नव्हते. पाटी तिने वाचली नव्हती, ती आमच्या मागच्या बाजूला होती.

तिथला एक कर्मचारी हसत पुढे आला. त्याने दाखवले की भिंतीची तिरकी कड बरोबर ध्रुवाकडे रोखलेली आहे. काशीचे अक्षांश पंचवीस अंशांच्या थोडे वर, तेवढाच त्या भिंतीचा चढ. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारी पूर्वेच्या, आणि तासाला पंधरा अंश या एकाच चालीने सरकते. लेकीने विचारले, “आत्ता किती वाजलेत?” तो म्हणाला, “धूप आएगी तब बताएगी, बिटिया.”

ती खाली उतरायलाच तयार होईना. आणि मग जिन्याच्या तोंडाशी, हात सोडवून घेत, तिने ते सांगितले. “आमच्या शाळेत पण आहे असं. झेंड्याच्या खांबाची सावली. मधल्या सुट्टीच्या आधी ती दुसऱ्या पायरीला टेकते. जूनमध्ये टेकत नव्हती. दिवाळीनंतर टेकायला लागली. म्हणून मला कळतं सुट्टी कधी होणार.”

मी मटकन पायरीवर बसले.

खिडकीबाहेर पाहते म्हणजे हे पाहते! सहा महिने मुलगी एका खांबाची सावली मोजते आहे, ऋतू बदलला की सावली बदलते हे तिचे तिने हेरले आहे, आणि आम्ही शिकवणीचे पैसे ठरवत होतो. त्या क्षणी मला झालेला आनंद कसा सांगू? पहिले पाऊल टाकले तेव्हा झाला होता तसा, पण त्याहून थोडा वेगळा. पाऊल सगळीच मुले टाकतात. हे तिचे एकटीचे होते. आमच्या दोघांच्या घराण्यांत कुणी आकाशाकडे मान वर करून पाहिल्याचे ऐकिवात नाही.

आता इथवर माझे कौतुक झाले, पुढची चूकही सांगते.

संध्याकाळी घाटावर गंगा आरती. ती बघायला तासभर आधी जाऊन पायऱ्यांवर जागा धरावी लागते, नाहीतर नावेत बसून पाहावी. आमच्या शेजारी पुण्याकडचे एक कुटुंब होते. बोलता बोलता ओळख निघाली आणि मला राहवले नाही. “आमच्या हिला खगोलशास्त्राची फार आवड,” मी म्हणाले. दुपारी दोन वाजता कळलेली आवड संध्याकाळी सहा वाजता शास्त्र झाली होती! “सांग ना काकूंना, सम्राट यंत्र कसं चालतं ते. सांग ना गं.” लेकीने मान खाली घातली. “अशीच आहे, लाजते,” मी आणखी वर म्हणाले. तोवर मनात माझे बेत तयार होते. परतल्यावर दुर्बीण घ्यायची, नेहरू तारांगणाचे कार्यक्रम बघायचे, सुट्टीत एखादे शिबिर. मोठ्या ज्योती घेऊन पुजारी एका तालात वळत होते, धूर आणि धुके एक होत होते, आणि लेक त्या साऱ्या सोहळ्यात आपल्या बुटांकडे पाहत बसली होती. रात्री मी विचारले, “उद्या पुन्हा जायचं ना गच्चीत?” तर म्हणाली, “नको.”

मुलांच्या आवडीला आपण पाणी घालतो म्हणतो. मी तर रोप उपटून मुळे बघायला शेजाऱ्यांच्या हातात दिले होते.

सुटका केली ती सासूबाईंनी. त्यांना यंत्राचे काही घेणे नव्हते. सकाळी त्यांना सूर्याला अर्घ्य द्यायचे होते आणि सूर्य दिसत नव्हता. पहाटे घाटावर त्या नातीला म्हणाल्या, “अगं, या धुक्यात मला कळेना कुठं तोंड करून उभं राहायचं ते. तू बघ बरं.” ही परीक्षा नव्हती, कौतुकही नव्हते. म्हातारीला खरोखरच दिशा हवी होती.

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग नावाड्याला तिने विचारले, नदी कुठून कुठे जाते? काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, हे इथे पोरासोरांनाही माहीत असते. “म्हणजे समोर साधारण पूर्व,” ती म्हणाली. “पण आजी, थंडीत सूर्य अगदी पूर्वेला नसतो. आपल्या गॅलरीतून मे महिन्यात टाकीच्या डावीकडे उगवतो ना, तो आता उजवीकडे उगवतो.” तिने हात लांब केला, थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि पांढऱ्या धुक्यात एक जागा पक्की केली. सासूबाईंनी त्या दिशेला तांब्यातले पाणी सोडले.

सूर्य दिसायला पुढे दोन तास गेले. धुके पातळ झाले तेव्हा तो बराच वर होता, चंद्रासारखा फिकट, आणि तिने दाखवलेल्या जागेच्या उजवीकडे. मला वाटले, आता हिरमुसणार. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आजी, चुकलं नाही. उगवला तिथंच. वर चढताना तो उजवीकडे सरकतो.” सासूबाई म्हणाल्या, “असेल हो. मला तर पोचलं पाणी.” आणि बरोबरच होते तिचे. आपल्या गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि चढता चढता आणखी दक्षिणेकडे झुकतो. मी हे नंतर पुस्तकात पडताळून घेतले. तेव्हा मात्र शहाणपणाने गप्प बसले.

ऊन पडल्यावर गच्चीत जायचे की नाही हे मी विचारलेच नाही. तीच म्हणाली, “चला लवकर, बारा वाजायच्या आत.”

साडेअकरा उलटून गेले होते. पश्चिमेच्या कमानीवर, अगदी भिंतीच्या पायथ्यापाशी, सावलीची कड स्वच्छ पडली होती. कर्मचाऱ्याने रेघ दाखवली. लेकीने यजमानांचे मनगट ओढले. घड्याळात अकरा चाळीस, यंत्रावर त्याच्या जेमतेम दोन-तीन मिनिटे पुढे! पावणेतीनशेहून अधिक वर्षे उन्हापावसात उभा असलेला दगड आणि बॅटरीवर चालणारे घड्याळ यांचे असे जमलेले पाहून यजमानसुद्धा खाली बसले.

याचे कारण मोठे सुरेख आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, आणि ही रेषा काशीच्या शेजारून, मिर्झापूरजवळून जाते. काशी ८३ अंशांवर, म्हणजे फरक अर्ध्या अंशाचा, वेळेत दोन मिनिटांचा. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, त्यामुळे तिथे सूर्य घड्याळाच्या मागे जवळजवळ ३९ मिनिटे. शिवाय सूर्याचे आणि घड्याळाचे वर्षातून चारच वेळा नीट जमते, एरवी पाव तासापर्यंत मागेपुढे होते. त्या चारांपैकी एक वेळ २५ डिसेंबरच्या सुमाराची. धुक्याने छळलेल्या आम्हाला तिथी मात्र नेमकी मिळाली होती. नोव्हेंबरात गेलात आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटे पुढे दिसले, तर ते बिघडले असे समजू नका.

लेकीने आजीच्या परडीतली झेंडूची पाकळी फरशीवर सावलीच्या कडेशी ठेवली. (दगडावर खडूने किंवा पेनने खूण करू देऊ नका. ते राष्ट्रीय स्मारक आहे, आणि तिथे नावे कोरणारी थोर मंडळी आधीच होऊन गेली आहेत.) सावली पाकळी सोडून पुढे निघाली तशी ती टाळ्या पिटायला लागली. मग प्रश्न सुरू झाले. मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर तिने बाटलीची सावली नाहीशी होताना पाहिली होती, शून्य सावलीच्या दिवशी. “काशीत शून्य सावली कधी असते?” यजमान गोंधळले, मीही. उत्तर असे की, कधीच नाही. सूर्य उत्तरेकडे येतो तो कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे उज्जैन-भोपाळच्या जरासा वर. काशी त्याच्याही उत्तरेला. इथल्या माणसाला भर दुपारी थोडी का होईना, सावली असतेच. “बिचारे,” लेक म्हणाली. कशाबद्दल, ते मी विचारले नाही.

याच यंत्रांची ओळख करून देणारी पुस्तिका एका मराठी विद्वानाने लिहिलेली आहे. बापूदेव शास्त्री, जन्म पुण्याचा, १८२१ चा. मूळ नाव नृसिंह. नागपुरात मराठी शाळेत शिकताना त्याची गणितातली गती सीहोरचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेस आली आणि १८३८ च्या सुमारास त्यांनी त्याला सीहोरच्या संस्कृत शाळेत नेले. तिथून १८४२ मध्ये तो काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवायला आला, तो काशीचाच झाला. पुढे महामहोपाध्याय झाला. विल्किन्सनचे मला कौतुक वाटते ते याचे, की त्याने पोराला शोधले आणि मग अभ्यासाला मोकळे सोडले. पुणेकरांच्या शेजारी बसवून ‘म्हणून दाखव’ म्हटले नसावे.

आपणही मुलांना घेऊन जाणार असाल तर काही सूचना. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. डिसेंबर-जानेवारीत धुक्यासाठी एक दिवस हाताशी जास्त ठेवा, पण जा याच दिवसांत. थंडीत परदेशी कुरव पक्षी गंगेवर उतरतात आणि नावेभोवती शेव झेलतात. नावेचे भाडे आधी ठरवून घ्या. मानमंदिराला पर्यटक कमी, म्हणून मुलांना भरपूर वेळ मिळतो. खाली २०१९ मध्ये सुरू झालेले काशीविषयीचे आभासी संग्रहालयही आहे. यंत्रे पाहायला सकाळी साडेदहानंतर जा, चपटी टोपी घाला आणि चष्मा माकडांपासून जपा. मनगटी घड्याळ मात्र विसरू नका.

परतीच्या गाडीत लेकीने वहीत काशीची सावली आणि मुंबईची सावली अशी दोन चित्रे काढली. माझ्या मांडीवर तिचे प्रगतिपुस्तक उघडे होते. सही केली. खाली दोन ओळींची जागा होती, तिथे मी बाईंना लिहायला घेतले, की एकदा तिच्या बाकावर बसून झेंड्याच्या खांबाकडे पाहावे, मधल्या सुट्टीच्या आधी सावली दुसऱ्या पायरीला टेकते.

लेक खांद्यावरून वाचत होती. तिने माझा हात धरला.

“थांब. आता जानेवारी येईल. टेकते की सरकली, ते आधी मला बघू दे. मग लिही.”